बदलून ठेवलाय

सिराज तांबोळींना माणसांचा राग येत नसे, कीव येत असे, आणि ती झाकायची तसदी ते घेत नसत. विश्रांतवाडीच्या त्या तीन मजली ऑफिसात त्यांनी ज्याची कीव केली नाही असा इसम शोधायला निघालात, तर हात हलवत परत याल. रिसेप्शनवरची मुलगी 'सर बसले नाहीयेत' म्हणाली, की ते विचारत, "उभे आहेत का मग?" कँटीनच्या पाटीवरचा 'स्पेशल थाळि' ऱ्हस्व होता म्हणून त्यांनी ती थाळी आयुष्यात मागवली नाही.

हे व्याकरण त्यांना घरून मिळालं होतं. वडील मकबूल तांबोळी मंडईमागच्या एका छापखान्यात खिळे जुळवत. लेखकानं अनुस्वार चुकवला, तर खिळ्याला हात लावायच्या आधी त्याच्या घरी निरोप जाई की एकदा येऊन वाचून जा. चांगले चांगले प्राध्यापक त्या निरोपाला टरकून असत. सिराजनी बापाचं मराठी घेतलं आणि बापाचा ताठाही घेतला, फक्त खिळ्यांच्या जागी युनिक्स आलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी टाइप करायच्या, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की यंत्रानं ठणकावून नाही म्हणायचं, हे त्यांना फार आवडलं. माउसला ते उंदीरच म्हणत आणि तो मांजरांनी धरावा असं त्यांचं मत होतं.

ऑफिस आप्पासाहेबांचं. आप्पासाहेब मूळचे वाघोलीचे, जमीनजुमल्याचे. गावात प्लॉट पडायला लागले तेव्हा भाऊबंदांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या, यांनी आपल्या रानात कॉलेज काढलं. एकाची दोन झाली. त्या कॉलेजांचे प्रवेश, परीक्षा, निकाल, सगळं विश्रांतवाडीच्या ऑफिसातल्या मशिनवर चाले, आणि ती मशिनं तांबोळींच्या ताब्यात. पूर्वी तिथं ज्वारी व्हायची, आता इंजिनियर होतात, आणि ज्वारीचा दर्जा बरा होता, असं तांबोळी म्हणत. हे आप्पासाहेबांच्या कानावर गेलं होतं. ते हसले होते, कारण त्यांचंही मत काही फार वेगळं नव्हतं.

तांबोळींच्या डोक्यावर मॅनेजर म्हणून माधव उपळेकर. या उपळेकरांनी बेंगळुरूला तीन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं आणि त्याचं सर्टिफिकेट काचेत घालून खुर्चीमागं टांगलं होतं. 'आपण जरा अलाइन होऊ या' आणि 'एकदा सिंक करू या' ही दोन वाक्यं दिवसभर फिरवून माणूस महिनाअखेरपर्यंत पोचतो, हे तांबोळींनी त्यांच्याकडं बघूनच ओळखलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. उपळेकरांनी हळकुंडाचा नुसता वास घेतला होता.

आता अपवाद सांगतो. शालू. वाघोलीच्याही पलीकडच्या एका गावची, डिप्लोमा झालेली, कंत्राटावर लागलेली. घरची जमीन गेली होती, जमिनीचे आलेले पैसेही गेले होते, आणि नवरा मच्छिंद्र उरलेल्या एका बुलेटवर बसून चौकात राजकारण करत होता. घर चालायचं ते शालूच्या पगारावर. सासू सोजरबाई, शालूच्या तोंडी आत्या, पोरगी सांभाळायच्या म्हणून शालूला नोकरी करता येत होती, आणि कंत्राट दर वेळी संपत आलं, की सोजरबाईंच्या तोंडचं पाणी पळायचं.

ही शालू पहिल्याच आठवड्यात तांबोळींच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सर, मला हे उंदराशिवाय शिकवा." तांबोळींनी तिला शिकवलं. चुकली की टोमणे मारले आणि तिनं ते मुकाट्यानं ऐकून पुन्हा टाइप केलं. दोन वर्षांत ती अशी तयार झाली, की तांबोळींना तिची कीव करायला जागाच उरली नाही. संबंध ऑफिसात त्यांना अभिमान वाटावा असं ते एकच माणूस होतं आणि तसं ते तिच्या तोंडावर कधीही म्हणाले नाहीत.

त्या वर्षी एक पर्मनंट जागा निघाली. तांबोळी स्वतः आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. "शालूला घ्या. उपळेकरांपेक्षा तिला जास्त कळतं," ते म्हणाले. उपळेकर तिथंच बसले होते. आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि महिनाअखेरीला सही करतो म्हणाले. शालूनं घरी सांगून टाकलं. सोजरबाईंनी गल्लीत पेढे वाटायचं फक्त बाकी ठेवलं.

एवढं सगळं नीट चाललं होतं. पण नीट चाललेलं बघवत नाही अशी माणसं असतात, आणि त्यातली काही हुशार असतात, हा खरा घोटाळा.

प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्याआधीचा शनिवार. आप्पासाहेबांसमोर मीटिंग. मुद्दा एवढाच, की प्रवेशाचा डेटाबेस चालवणारी जी सर्व्हिस होती, ती आता जडावली होती. मशिन चालू करताना प्रत्येक सर्व्हिसला उठायला ठरावीक वेळ दिलेला असतो, त्याला टाइमआउट म्हणतात. हिला एक मिनिट होतं. तेवढ्यात उठली नाही, तर सोलॅरिस, म्हणजे त्या मशिनवरचं युनिक्स, तिला ठार करतं, पुन्हा उठवतं, पुन्हा ठार करतं, आणि तरी जमलं नाही तर 'मेंटेनन्स' असा शिक्का मारून कोपऱ्यात बसवतं. मग कुणीतरी जाणत्यानं येऊन तिला मोकळं करावं लागतं. गेल्या खेपेला ती मिनिट संपता संपता कशीबशी उठली होती. सोमवारी नवी मेमरी टाकून सगळं रीस्टार्ट करायचं होतं. त्याआधी ते एका मिनिटाचं दहा मिनिटं करणं भाग होतं.

"तो आकडा बदलायचा, आणि मग रीफ्रेश द्यायचा," तांबोळी म्हणाले. "नुसता बदलला तर ती फक्त नोंद राहते. रीफ्रेश दिल्याशिवाय चालू सर्व्हिस जुन्याच आकड्यावर चालते."

उपळेकरांनी हात हलवला. "रीफ्रेश-बिफ्रेश हे जुनं झालं हो. रीस्टार्ट मारला की सगळं आपोआप उचललं जातं. बेंगळुरूला आम्हाला हेच दाखवलं."

"तिथं पडद्यावर चित्र दाखवलं असेल," तांबोळी म्हणाले.

आप्पासाहेब हसले. उपळेकरांचे कान लाल झाले. मग ते ताठ बसून म्हणाले, "ओके. टाइमआउट तुम्ही बदला. मंडेचा रीस्टार्ट मी पर्सनली करतो. मला ओनरशिप घ्यायची आहे."

"घ्या," तांबोळी म्हणाले.

तिथून उठून ते आपल्या टेबलाशी गेले. 'सेटप्रॉप'ची ओळ लिहिली, साठच्या जागी सहाशे सेकंद घातले, एंटर दाबलं. आकडा बदलला. मग रीफ्रेशची ओळ लिहिली. बोट एंटरवर गेलं आणि तिथं थांबलं.

मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. आपोआप उचललं जातं म्हणतो ना हा? मग उचलू दे. सोमवारी सगळ्यांसमोर रीस्टार्ट मारेल, सर्व्हिस उठणार नाही, पाच मिनिटांत मला फोन येईल, आणि मी फोनवर एक शब्द सांगेन. तो शब्द असेल 'रीफ्रेश'. आप्पासाहेब ऐकत असतील. अर्ध्या तासाचा तमाशा, कुणाचं काही बिघडणार नाही, आणि सर्टिफिकेट भिंतीवरून उतरेल. तांबोळींनी ती ओळ मागं पुसत नेली. इतकं बरं त्यांना फार दिवसांत वाटलं नव्हतं.

मग ते पुन्हा केबिनमध्ये डोकावले. आप्पासाहेब होते, उपळेकर होते, फाइल घेऊन शालूही आलेली होती. "टाइमआउट बदलून ठेवलाय," तांबोळी म्हणाले. शब्द अगदी तोलूनमापून वापरला होता. 'बदलला' म्हणाले नाहीत, 'बदलून ठेवलाय' म्हणाले. बापाच्या मुलाला शोभेल असंच ते वाक्य होतं. "आणि सोमवारी मी रजेवर आहे. दाढ दाखवायची आहे."

दाढ बिढ काही दुखत नव्हती.

सोमवारी सकाळी तांबोळी शुक्रवार पेठेतल्या घरी कडक इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. चहा झाला. फोन आला नाही. दुसरा चहा झाला. मधेच त्यांनी फोन उचलून चालू आहे ना ते बघितलं.

त्यांची बायको रशीदा मेथी निवडत होती. "दाढेचा डॉक्टर फोनवरून दाढ काढणारेय का?" तिनं विचारलं.

"ऑफिसचा फोन येईल."

"मग तुम्हीच करा की."

"मी का करू? अडलंय त्यांचं."

रशीदानं त्यांच्याकडं एकदा बघितलं. "कुणाची तरी फजिती व्हायची असली की तुम्ही असे छान दिसता," ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

हे त्यांना लागलं नाही. खरं तर थोडं आवडलंच. पण दुपार व्हायला आली तरी फोन मुका. सर्व्हिस उठली की काय? छे, शक्यच नाही. मग फोन का नाही? आपल्या फजितीलाही माणसं वेळेवर हजर राहत नाहीत, याचा त्यांना वैताग आला.

अखेर फोन आला तो थेट आप्पासाहेबांचा. "तांबोळीसाहेब, दाढ राहू द्या. या आधी. कॉलेजात पोरांच्या रांगा लागल्यात आन सकाळपासून एक फॉर्म पुढं सरकत न्हाई."

तांबोळी रिक्षानं गेले. मशिनच्या खोलीत ही गर्दी. उपळेकर फोनवर बेंगळुरूच्या कुणाशी तरी इंग्रजीत अलाइन होत होते. शालू पडद्यासमोर बसलेली, डोळे लाल, बाजूला सकाळचा डबा न उघडलेला. तिला निस्तरायला बसवलेलं दिसतंय, तांबोळींना वाटलं. करायचं एकानं आणि निस्तरायचं दुसऱ्यानं, ही इथली पद्धतच आहे.

"सर, मी डिस्क बघितल्या, परमिशन बघितल्या, लॉग सगळे..." शालू उठत म्हणाली. "सर, ते सकाळी मी..."

"थांब," तांबोळी म्हणाले. "बोलू नकोस. आता फक्त बघ."

ते बसले. एक रीफ्रेश, एक कोपऱ्यातून मोकळं करणारा क्लिअर. दोन ओळी. सर्व्हिसनं सावकाश अंग हलवलं, मिनिट गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि ती उठली. कॉलेजच्या खिडकीवरून निरोप आला, चालू झालं. तांबोळींनी खुर्ची फिरवली आणि उपळेकरांकडं बघून म्हणाले, "आपोआप उचललं नाही वाटतं." आप्पासाहेब दारात उभे होते. याहून चांगला क्षण त्यांच्या नोकरीत आला नव्हता. शालूला काही सांगायचं होतं हे ते साफ विसरून गेले.

मंगळवारी आप्पासाहेबांनी केबिनमध्ये दोघांना बोलावलं, तांबोळींना आणि उपळेकरांना. आप्पासाहेबांचा आवाज नेहमीसारखाच बेताचा होता, पण समोरचा चहा त्यांनी कुणालाच दिला नाही.

"काल पालकांनी मला घरी फोन केले," ते म्हणाले. "एका बाईनं विचारलं, कॉलेज चालवता का चेष्टा करता. आता ज्याची चूक हाय तो घरी जाईल. कोण हाय ते तुम्ही दोघांनी मला समजंल असं सांगा. मला तुमचं मशिन कळत न्हाई, पण मराठी कळतं."

"मराठीच बघा मग," उपळेकर चटकन म्हणाले. "सॅटर्डेला तांबोळी तुमच्यासमोर काय म्हणाले? टाइमआउट बदलून ठेवलाय. आपण सगळ्यांनी ऐकलं. बदलून ठेवलाय म्हणजे काम डन. पण काम झालंच नव्हतं. मिसइन्फॉर्मेशन आहे ही."

तांबोळींच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणावं की नाही, सांगता येत नाही. मराठी क्रियापदावर आपल्याशी वाद घालायला हा गृहस्थ आपण होऊन निघाला होता. गाढवानं आपल्या पायानं चालत परिटाच्या घरी यावं, तसं ते झालं.

"उपळेकर, 'बदलला' आणि 'बदलून ठेवला' यात फरक आहे की नाही?"

"काही फरक नाही."

"असं? उद्या तुम्ही म्हणालात, मी पैसे दिले, तर मी म्हणेन मिळाले. तुम्ही म्हणालात, मी पैसे काढून ठेवले, तर मला मिळाले का?"

"ते वेगळं..."

"तेच आहे. बॅग भरून ठेवली म्हणजे माणूस गावाला गेला नाही. 'ठेवणे' लागलं, की काम पुढच्या कामासाठी तयार करून बाजूला ठेवलं. पुढचं काम व्हायचंय. मी 'बदलला' म्हणालो असतो तर खोटं बोललो असतो. म्हणालो नाही."

आप्पासाहेबांना यात गंमत वाटायला लागली असावी. ते पुढं झुकले. "पण तांबोळीसाहेब, आमच्याकडं बाई म्हनली की सैपाक करून ठेवलाय, तर सैपाक झालेलाच असतो. परत चूल पेटवत न्हाई कुणी."

"बरोबर. झालेलाच असतो," तांबोळी म्हणाले. "पण पोटात गेला का? ताटात पडला का? वाढावा लागतो. शनिवारी मी याच टेबलाशी सांगितलं होतं की बदलून मग रीफ्रेश द्यायचा. रीफ्रेश म्हणजे वाढणं. मी स्वयंपाक करून ठेवला आणि तसं सांगून गेलो. ज्यानं न वाढताच पंगत उठवली, उपाशी ठेवल्याचं पाप त्याचं."

आप्पासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "हे समजलं मला. हे पटलं."

तांबोळी आता थांबायला तयार नव्हते. उपळेकर गप्प बसलेत हे त्यांना दिसत होतं, आणि गप्प बसलेल्या माणसाला आणखी चार लगावण्यात जी मजा असते ती त्यांनी कधी सोडली नव्हती. "आणि ज्याला रीस्टार्ट द्यायचाय, त्यानं आधी बघायला नको? एका ओळीचं काम आहे, चालू सर्व्हिसवर आकडा कुठला आहे ते बघायचं. गाडी काढताना पेट्रोल बघतो ना माणूस? हे ज्याला सुचत नाही, त्याला मशिनजवळ फिरकू देऊ नका. वय बघू नका, हुद्दा बघू नका. असा माणूस या ऑफिसात एक दिवस ठेवणं धोक्याचं आहे."

"ठरलं," आप्पासाहेब म्हणाले. "ज्यानं रीस्टार्ट दिला, तो घरी. उपळेकर, तुम्हाला काय म्हणायचंय?"

उपळेकरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. त्यांना घाई अशी काही दिसली नाही. "मला मान्य आहे," ते म्हणाले. "तांबोळींचा पॉइंट हंड्रेड पर्सेंट करेक्ट आहे. फक्त रीस्टार्ट मी दिला नाही. मी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. शालूला फोन करून सांगितलं, तिनं दिला."

तांबोळींना आपल्याच जिभेची चव कडू लागली.

"काम तुमचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही पर्सनली करणार होतात."

"डेलिगेट केलं. आणि कुणाला केलं? तुम्हीच इथं बसून आप्पासाहेबांना सांगितलंत, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग मी तुमचं ऐकलं."

"तिला दोष देऊ नका," तांबोळी आप्पासाहेबांकडं वळले. "आप्पासाहेब, मी खरं सांगतो. शनिवारी मी रीफ्रेशची ओळ लिहिली होती आणि मुद्दाम पुसली. उपळेकर तोंडावर पडावेत म्हणून. 'ठेवलाय' हा शब्दही त्यासाठीच वापरला. दाढही दुखत नव्हती. हा सापळा होता. पोरगी त्यात चुकून सापडली. चूक माझी आहे, मला घरी पाठवा."

आप्पासाहेबांचा चेहरा मवाळ झाला, आणि तेच वाईट झालं.

"तांबोळीसाहेब," ते म्हणाले, "लोक म्हनतात तुम्ही कडू. आज कळलं मला, आतनं काय माणूस हाय तुम्ही. शिष्येसाठी अंगावर घ्यायला निघालात. पण आत्ता तुम्ही मला पैसे, बॅग, सैपाक, सगळं लावून पटवून दिलंत. ते पटलंय. आता उलटं सांगता ते काय पटत न्हाई."

"मी खोटं सांगत नाहीये."

"चांगल्यासाठी सांगताय, मला दिसतंय ना. पण 'असा माणूस एक दिवस ठेवणं धोक्याचं' हे तुमचे शब्द. मी तुमच्या शब्दाबाहेर जात न्हाई. तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपतंय, ते संपू द्या. पर्मनंटचं आता नको."

तांबोळींनी पुन्हा सांगितलं. जास्त सविस्तर सांगितलं, ओळ कशी लिहिली, बोट कुठं थांबलं तेही सांगितलं. आयुष्यभर त्यांनी जे सांगितलं ते लोकांना निमूट मान्य करावं लागलं होतं, आणि आज खरं सांगत होते तर मालक नुसते प्रेमानं मान डोलावत होते. उपळेकरसुद्धा, हा हलकट, "ही इज अ ग्रेट मेंटॉर" असं म्हणाला. तांबोळींना त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. मारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही हेही त्यांना कळत होतं.

शालूला आप्पासाहेबांनी स्वतः आत बोलावून सांगितलं. तांबोळी बाहेर आपल्या टेबलाशी बसून राहिले. काचेतून तिची पाठ दिसत होती. ती रडली नाही. एकदा फक्त खाली बघून तिनं मान हलवली.

बाहेर आली ती सरळ त्यांच्या टेबलाकडं आली. शेजारची खुर्ची ओढून बसली, पहिल्या आठवड्यात बसली होती तशीच.

"सर, आप्पासाहेबांनी सांगितलं मला सगळं," ती म्हणाली. "तुम्ही आत काय बोललात ते. 'मी रीफ्रेश दिला नाही, मुद्दाम दिला नाही' असं म्हणालात."

"तसंच झालंय, शालू."

"माझ्यासाठी कुणी एवढं केलं न्हवतं कधी." तिचं शहरी मराठी तेवढ्यापुरतं सुटलं आणि तिनं ते सावरलं नाही. "घरी मच्छिंद्र सकाळी मला गाडीवर सोडतो ते पण उपकार केल्यासारखं. आन तुम्ही माझ्यापायी स्वतःचं नाव खराब करायला निघाला व्हता."

"ऐक माझं. मी खरंच दिला नव्हता. उपळेकरची फजिती करायची होती मला."

शालू हसली. थकलेलं, पण खरं हसू होतं ते. "सर, तुम्हाला खोटं बोलायला येत नाही. पाटीवरची वेलांटी चुकली तर तुम्ही जेवत नाही तिथं. तुम्ही अर्धं काम ठेवून घरी जाल? मला सांगता हे?" मग ती गंभीर झाली. "काल सकाळपासून मी सगळं तपासलं. डिस्क तपासली, मेमरी काढून परत घातली, लॉग वाचले. ते एकच नाही तपासलं. ते तुम्ही केलं होतं ना, म्हणून. आणि तुमची दाढ दुखतेय, म्हणून फोनही केला नाही. चूक माझीच झाली. तुम्ही मला कायम म्हणायचा, कुणाचं काम न बघता पुढं जाऊ नकोस. मी तुम्हाला त्यातनं वगळलं."

तांबोळींनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, शनिवारची मीटिंग, लाल झालेले कान, एंटरवरचं बोट, इस्त्रीचा शर्ट, फोनची वाट. एकेक वाक्य स्वच्छ, सोपं, एकाही शब्दाचे दोन अर्थ होऊ नयेत असं. तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं, तापात बडबडणाऱ्या घरच्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं.

"बरं सर," ती शेवटी म्हणाली. पदर सारखा केला, डबा पिशवीत टाकला आणि वाकून त्यांच्या पाया पडली. "निघते आता. मच्छिंद्र खाली थांबलाय, आणि आत्यांना अजून सांगायचंय."